नोकरी सोडायच्या आधी रक्त तपासा

प्रश्न: वय ४२. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, घर पाथर्डी फाट्याला. नवरा सातपूरला शिफ्टमध्ये, सासूबाई सोबत, मुलगा दहावीत, मुलगी सातवीत. दीडेक वर्षापासून सतत थकवा आहे. दोन जिने चढले की धाप लागते, केस मूठमूठ जातात, मुलांवर उगाच खेकसते. पाळी सात-आठ दिवस चालते, पहिले तीन दिवस फार जातं. मागच्या वर्षी हिमोग्लोबिन ९.१ होतं, गोळ्या महिनाभर घेतल्या आणि बद्धकोष्ठ झालं म्हणून सोडल्या. एका ठिकाणी सांगितलं, मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका. घरचे म्हणतात नोकरी सोड, सगळं ठीक होईल. सोडू का? आणि मुलीला शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात, ती घेऊ द्यावी का?

उत्तर:

राजीनामा आत्ता देऊ नका. तीन-चार महिने थांबा, पाळी ताब्यात आणा, रक्त भरून काढा आणि मग नोकरीबद्दल ठरवा. पिशवीबद्दलही तेच.

मी नाशकात बरीच वर्षं स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते. तुमच्या वयाच्या नोकरदार बायका पाळीची तक्रार घेऊन फारशा येत नाहीत. त्या म्हणतात, ‘हल्ली काही झेपत नाही, डॉक्टर.’ पाळीचं मी विचारल्यावर सांगतात, तेही ‘जाते तशी थोडी जास्त, पण माझी पहिल्यापासून तशीच आहे’ असं. तुम्ही निदान स्वतःहून लिहिलंत. पण तुमच्या प्रश्नात नोकरी पुढे आहे आणि ९.१ हा आकडा मध्येच कुठेतरी आलाय. मला तो सगळ्यात पुढे आणायचाय.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम रक्तक्षय, आणि तुम्ही त्यात वर्षभरापूर्वीच होतात. धाप, केस जाणं, चिडचिड, दुपारी तीननंतर आकडे डोळ्यांपुढे नाचणं, रात्री पाय ओढणं हे सगळं एवढ्या हिमोग्लोबिनला होतं. कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल किंवा फ्रीजमधला बर्फ खावासा वाटतो का, तेही आठवून बघा. बायका हे लाजून सांगत नाहीत, पण लोह कमी असल्याची ती ठळक खूण आहे. आणि तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. घरोघरी आहे म्हणूनच ‘बायकांना थोडं कमी असतंच’ असं म्हणून तो सोडून दिला जातो. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

आता रक्त जातं कुठे ते बघू. तुम्ही अकाउंट्सच्या, हा हिशेब तुम्हाला लगेच समजेल. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. साध्या पाळीत महिन्याला ३०-४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे १५ ते २० मिलिग्रॅम लोह. ८० च्या पुढे गेलं की आम्ही त्याला जास्त रक्तस्राव म्हणतो. तुमचं समजा १२० जात असेल, तर महिन्याला ६० मिलिग्रॅम लोह गेलं, दिवसाला २. शिवाय त्वचा, आतडी यांतून रोज जवळपास १ मिलिग्रॅम जातंच. आणि आपल्या भाजी-पोळीच्या जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम उचलतं. जमा कमी, खर्च जास्त, दर महिन्याला. आधी शिल्लक संपते. ती फेरिटिन नावाच्या तपासणीत दिसते. ती संपली की मग हिमोग्लोबिन उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन १२.२ असूनही एखादी थकलेली असते आणि तिला सगळे सांगतात, रिपोर्ट नॉर्मल आहे. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोह संपलंय हे नक्की. ३० च्या खाली आणि पाळी जास्त असेल तर मी उपचार सुरू करते, हिमोग्लोबिन पडायची वाट बघत नाही.

मिलिलिटर घरी कोण मोजणार? मोजायची गरजही नाही. पॅड तास-दोन तासांत बदलावं लागतं का, रात्री त्यासाठी उठावं लागतं का, एकावर एक दोन पॅड लावता का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का, पाळी सातव्या दिवसापुढे चालते का, हे बघा. यातलं एकही ‘हो’ असेल तर मला पुरेसं आहे. आणखी एक प्रश्न मी हटकून विचारते: त्या दिवसांत कपडे कोणते घालता? काळी लेगिंग, गडद कुर्ता, लांब ओढणी, खुर्चीवरून उठताना मागे वळून एक नजर. नवरात्रात ऑफिसात नऊ रंग चालतात, तेव्हा पांढऱ्या किंवा पिवळ्या दिवशी पाळी आली म्हणून रजा टाकणाऱ्या बायका मला दरवर्षी भेटतात. पैठणी घडीची घडीत राहते. कपाटातल्या निम्म्या कपड्यांवर महिन्यातले आठ दिवस बंदी असेल, तर ते सहन करत बसायचं नाही. तुमच्या आयुष्याला अडथळा होतोय एवढ्यावरही आम्ही उपचार करतो, मिलिलिटर कितीही भरोत.

सणासुदीचा विषय निघालाच आहे, तर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दल सांगते. गौरी, नवरात्र, सप्तशृंगीला जायचं, घरात लग्न, आणि आता पुढे सिंहस्थ. मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या आणल्या जातात, कधी नणंदेच्या उरलेल्या. वर्षाकाठी एकदा, डॉक्टरला विचारून, पायात रक्ताची गुठळी होण्याचा किंवा यकृताचा त्रास नसेल तर घ्यायला हरकत नाही. पण तुमच्यासारखी पाळी आधीच बिघडलेली असेल, तर या गोळ्यांनी मूळ चित्रच पुसलं जातं. किती दिवसांनी आली, किती गेली, काही कळेनासं होतं. यंदा तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यांना हात लावू नका.

कोणत्या तपासण्या? सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, साखर, आणि पाळी संपल्यावर पोटाची, शक्यतो आतून म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी. गरोदरपणाची चाचणीही करायची. बेचाळिशीत ती कोणी मनात आणत नाही, पण मी केल्याशिवाय पुढे जात नाही. गर्भाशयमुखाची पॅप किंवा एचपीव्ही चाचणी कधी झाली नसेल तर तीही याच फेरीत उरकून घ्या. सीबीसीत पेशींचा आकार लहान पण फेरिटिन भरपूर असेल तर थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असू शकतो, त्यात लोहाच्या गोळ्या उगाच खायच्या नसतात. म्हणून अंदाजाने टॉनिक सुरू करणं मला पटत नाही.

सोनोग्राफीत बहुतेक वेळा गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ, अस्तराचा मोड म्हणजे पॉलिप, किंवा भिंतच जाड झालेली दिसते. कधी काहीच दिसत नाही. चाळिशीनंतर दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, मग अस्तर वाढत राहतं आणि एकदम जातं. आपल्याकडे पाळी सरासरी छेचाळीस-सत्तेचाळिशीला थांबते, त्यामुळे तुमच्या वयात हे सुरू होणं नवल नाही. झोप तुटणं, अचानक घाम येणं हेही असेल तर सांगा. थायरॉइड मंदावल्यानेही पाळी वाढते. पूर्वी बसवलेली तांबी अजून आत असेल तर तीही कारण असते, आणि ती कधी बसवली हे कितीतरी जणी विसरलेल्या असतात. अस्तर जाड दिसलं, पाळी अनियमित असली, वजन किंवा साखर जास्त असली, तर अस्तराचा तुकडा तपासायला घ्यावा लागतो. त्याला घाबरून पळू नका. कर्करोगाच्या आधीची अवस्था असली तर ती त्यातच सापडते आणि तेव्हा ती बरी होते.

आता पिशवी. मुलं झाली म्हणजे गर्भाशयाचं काम संपलं, ते काढून मोकळं व्हा, हा सल्ला आपल्या भागात फार सहज दिला जातो आणि फार सहज मानलाही जातो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. मजुरी बुडू नये म्हणून ऐन तिशीत पिशव्या काढलेल्या बायका होत्या त्या. ऑफिसात काम करणारी बाई त्यांच्यापासून मला फार लांबची वाटत नाही. तिलाही दर महिन्याची कटकट नको असते आणि रजा नसते. पिशवी काढणं कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. मोठाल्या गाठी, अस्तरात वाईट बदल, औषधांनी काहीच न जुळणं, अशा वेळी मीही ऑपरेशन करते. पण ते शेवटचं पाऊल आहे. तुमच्या बाबतीत अजून पहिलंही पडलेलं नाही. आणि ९.१ वर ऑपरेशन करायचं म्हटलं तरी आधी रक्त वाढवावंच लागतं.

पहिलं पाऊल साधं असतं. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांत. बहुतेकींचा रक्तस्राव त्याने बराच कमी होतो, काहींचा निम्म्यावर येतो. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्यांनी त्या घ्यायच्या नाहीत. दुखत असेल तर सोबत मेफेनॅमिक अ‍ॅसिड. त्याने भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्या, किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, ज्याला बायका ‘हार्मोनवाली तांबी’ म्हणतात. साध्या तांबीने पाळी वाढते, याने उलट खूपच कमी होते, काहींची जवळजवळ बंद होते. एकदा बसवलं की पाच वर्षं बघायला नको. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात. ते आधी सांगितलं नाही की बायका वैतागून काढून घेतात, म्हणून मी बसवायच्या आधीच दोनदा सांगते. पाळी आली नाही तर ‘घाण आत साठते’ ही भीती सासूबाईंना असेल, तुम्हालाही असेल. आत काही साठत नाही. अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. पण कुठल्याही पद्धतीत एकदा तरी तपासून कारण कळलेलं असायला हवं.

लोहाच्या गोळ्या तुम्ही महिन्यात सोडल्या, तिथेच गाडी अडकली. हिमोग्लोबिन महिन्याला साधारण एक-दोन ग्रॅमने वाढतं. ते १२ झाल्यावरही शिल्लक भरायला आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बद्धकोष्ठासाठी उपाय आहेत. एक दिवसाआड एकच गोळी घेतली तरी चालते. आज गोळी घेतली की शरीर हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि उद्याच्या गोळीतलं लोह कमी उचलतं, त्यामुळे एक दिवस मध्ये सोडला तर त्रास कमी आणि शोषण चांगलं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय. तुमच्यासाठी रोज की दिवसाआड ते तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे आणि लोहाची किमान चार तासांनी, एकत्र नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण बंद करण्यापेक्षा बरं. आणि हे कशानेच जमलं नाही तर शिरेतून लोह देता येतं, दवाखान्यात, देखरेखीखाली. नव्या औषधांत एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. ९ च्या आसपास असलेल्या आणि पाळी अजून ताब्यात नसलेल्या बाईला मी तो पर्याय लवकर सुचवते.

खाण्याबद्दल तुम्हाला आजूबाजूच्यांनी डाळिंब आणि बीट सांगितलं असणार. बागलाण, देवळ्याची डाळिंबं जरूर खा, चवीसाठी. पण १०० ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं, आणि जेवणातून रोज २९ मिलिग्रॅम पोटात जायला हवं असं आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद सांगते, कारण त्यातलं थोडंच शरीर उचलतं. रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरा, राजगिरा, अळीव, तीळ, चालत असेल तर मटण, कलेजी, मासे, हे खरं उपयोगाचं. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीने खायचे असा काही नियम नाही. आपल्या मिसळीत तर सगळं जुळून आलेलं असतं: मोड आलेलं कडधान्य आणि वर लिंबू. मोड आल्याने लोह अडवणारी द्रव्यं कमी होतात, लिंबाने शोषण वाढतं. मात्र लगेच वर कटिंग मारला की निम्मं काम फुकट जातं. ऑफिसात डबा संपल्यावरचा चहा तासाभराने घ्या, एवढा बदल आजपासून करता येईल. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर राहू नका. साबुदाण्यात लोह जवळपास नसतंच. उपास करायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाणे, खजूर आणि रोज एक पेरू.

एक गोष्ट स्पष्टच विचारते. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? उसळ सगळ्यांना वाढून खाली उरलेला रस्सा आणि थंड पोळी कोणाच्या ताटात येते? हे रिपोर्टात दिसत नाही, पण हिमोग्लोबिनमध्ये दिसतं. सासूबाईंना सोबत घेऊन या, मी त्यांनाही सांगीन. माझा अनुभव असा की डॉक्टरने समोर बसून आकडे दाखवले की सासवा ऐकतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी हेच दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं असतं. नवऱ्यालाही एका भेटीला आणा. ‘लवकर झोपत जा’ म्हणणं सोपं असतं. सकाळचे डबे आणि मुलाच्या क्लासची ने-आण यातलं काय तो शिफ्ट सांभाळून उचलेल, हे तिथेच ठरलेलं बरं.

आता नोकरी. ती सोडली तर पाळी कमी होणार नाही. घरी बसूनही तेवढंच रक्त जाईल, फक्त धाप स्वयंपाकघरात लागेल आणि तपासणीच्या पैशांसाठी कोणाला तरी विचारावं लागेल. तुमचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय म्हणजे कामगार विम्याची वर्गणी कापली जात असणार. मग सातपूरचं ईएसआयचं रुग्णालय तुमचं आहे. बाहेर पैसे घालण्याआधी तिथे जा. वर्गणीची अट पूर्ण असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणाच्या रजेत वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. नोकरी सोडल्यावर काही काळाने हे सगळं जातं. ईएसआय नसेल तर जिल्हा रुग्णालय आहे, नाशिकरोडकडे कोणी असेल तर महापालिकेचं बिटको आहे. सीबीसीसाठी पैशांअभावी थांबायचं कारण नाही. आणि रजा. मुलाच्या परीक्षेला, सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, गावच्या कार्याला रजा काढणाऱ्या बायकांना मी विचारते, स्वतःसाठी शेवटची कधी काढली होती? पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस काढा आणि तपासायला जा.

कंपनीत आणखी एक बघा. स्वच्छतागृह लांब किंवा घाण म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, पॅड बदलत नाही, असं होत असेल तर त्याने लघवीचा जंतुसंसर्ग आणि मांड्यांना पुरळ ठरलेलं. बायकांसाठी वेगळं, नीट स्वच्छतागृह देणं कारखान्याच्या मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. एकटीने बोलायला अवघड जात असेल तर चार-पाच जणी मिळून लेखी द्या.

हिमोग्लोबिन १२ वर आलं, झोप होऊ लागली आणि तरीही सकाळी कंपनीचं गेट दिसलं की पोटात गोळा येत असेल, तर मग तो खरोखर नोकरीचा प्रश्न आहे. तेव्हा बदला, अर्धवेळ शोधा, सोडा, तुमचा निर्णय. मात्र मन सलग दोन आठवडे उदास असेल, कशात रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

तासाला एक पॅड भिजत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येऊन पडायला होत असेल, छातीत धडधड थांबत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सोमवारची वाट नको.

राहिली मुलगी. शाळेतली निळी गोळी जरूर घेऊ द्या. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, आठवड्यातून एकदाच, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून मुली ती दप्तरात ठेवून घरी आणतात किंवा टाकून देतात. त्या दिवशी तिला पोटभर खाऊन पाठवा आणि मधल्या सुट्टीनंतर घेऊ दे. तिची पाळी सुरू झाली असेल आणि पहिल्यापासूनच फार जात असेल, दात घासताना हिरड्यांतून किंवा नाकातून वरचेवर रक्त येत असेल, तर तिचं रक्त गोठण्याची तपासणीही लागेल. तुमची पाळी पहिल्यापासून जास्त होती का, तुमच्या आईची होती का, हे आठवून ठेवा. तुमच्या पहिल्या भेटीतच मी विचारणार आहे. येताना मागच्या वर्षीचा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा घेऊन या.